घंगाळात बुडालेलं घड्याळ

तांदळाचा डबा उघडला की मला अजूनही साडूंचा राग येतो. समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या सिंदी मेघेत राहून ते देशोदेशींच्या नौदलांतल्या पाणबुड्या जवानांची जुनी मनगटी घड्याळं जमवत, आणि आपल्या नौदलाचं एकच हवं होतं, ते नौदलात पाणबुडे असलेल्या आमच्या दिवंगत सासऱ्यांचं होतं. सासूबाई रोज सकाळी चहाआधी त्याला चावी देत. एका दिवसाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी ते माझ्या भरवशावर दिलं. साडूंनी पाहुणे बोलावले, स्वतःच्या सत्काराची शालही स्वतःच आणली, आणि भाषणानंतर झेंडूच्या पाकळ्या तरंगणाऱ्या पितळी घंगाळावर घड्याळ धरलं. “त्याचं आतलं रबर कुजलं असेल, नका टाकू,” मी म्हणालो. “समुद्राच्या तळाले जाऊन आलं हे, घंगाळाले काय भ्यायचं?” म्हणत त्यांनी ते सोडलं. टाळ्या थांबायच्या आत काचेखाली वाफ धरली आणि काटा थांबला. मग ओल शोषली जावी म्हणून मी तीन दिवस घड्याळ घरच्या तांदळात पुरून ठेवलं; तांदूळ तेवढे वाया गेले. मी ते परत नेलं, तेव्हा सासूबाईंनी चावी फिरवून कानाला लावलं. “त्यायच्या हातावर समुद्रात नाई बुडलं, अन् तुमच्या घंगाळात बुडलं काय जी? आता तुमच्यापाशीच ठेवा.” शेवटी ते साडूंकडेच गेलं. परवा त्यांच्या कपाटात त्याखालची पाटी वाचली: ‘खोल समुद्रातील मोहिमेत थांबलेले.’ त्या मोहिमेत मीही होतो, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.