शिराजच्या बारा वेली

सुधा गेली, तो मंगळवार होता. सकाळी सव्वानऊला दवाखान्यातून फोन आला. त्यानंतर पंधरा महिन्यांनी मी पुण्याहून एकटाच नाशिकच्या एसटीत बसलो.

त्याआधी आम्ही दोघं जायचो. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर आम्ही मिळून वाइन समजून घ्यायला लागलो. दर शुक्रवारी एक बाटली, दोन पेले आणि एक वही. वाणाची माहिती मी पुस्तकातून वाचून दाखवायचो. सुधा पेला नाकाशी नेऊन म्हणायची, "मिरी आहे यात. आणि मागे कुठेतरी जांभूळ." मला मिरी सापडायला दोन वर्षं लागली. जांभूळ अजून सापडलेलं नाही.

पुढे तिला वेलच लावावीशी वाटली. पिंपळगाव बसवंतजवळ दत्तूभाऊंची खायच्या द्राक्षांची बाग आहे. एका वाइनरीत त्यांची ओळख झाली होती. त्यांनी बागेच्या कडेची एक ओळ दिली आणि सुधानं तिथे शिराज या वाइनच्या द्राक्षाची बारा कलमं लावली. दर महिन्याला ती तिथे जायची. मी बांधावर छत्री घेऊन वाचत बसायचो.

गेल्या आठवड्यात दत्तूभाऊंचा फोन आला. "सर, सोमवारी खरड छाटणी धरलीय, जुन्या काड्या समद्या कापणार. मॅडमच्या वेलींचं काय करायचं ते येऊन सांगा. लय माजल्यात."

'माजल्यात' या शब्दानं मला घोर लावला. शिराज जगली आहे की नाही, हे मी फोनवर विचारू शकलो नाही. पुस्तकं काढली. फार वाढ बरी नव्हे, एवढंच त्यांत सापडलं.

नाशिकला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. स्टँडजवळ मिसळ मागवली, पण निम्मी टाकली. मजूर पहाटेच कामाला लागतात आणि कडेच्या ओळीपर्यंत केव्हा पोचतील ते मला माहीत नव्हतं. घाईत "पिंपळगाव?" असं विचारलं, कुणीतरी बोट दाखवलं आणि मी त्या गाडीत चढलो.

सातपूर मागे पडल्यावर खिडकीतून डोंगर दिसायला लागले, तेव्हा बसवंत कधी येईल, असं कंडक्टरला विचारलं.

"बसवंत? बाबा, ही त्र्यंबकची गाडी. तुम्हाला मी पिंपळगाव बहुलाचं तिकीट दिलंय."

"मी पिंपळगाव म्हणालो होतो."

"नुसतं पिंपळगाव कोण म्हणतं नाशकात? पहिल्यांदाच आलात का?"

"नाही. तिकीट बायको काढायची."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, घंटी ओढली आणि म्हणाला, "समोरून परतीची धरा. आणि आता पूर्ण नाव सांगा."

या गोंधळात सव्वा तास गेला. पुन्हा स्टँड, पुन्हा गाडी. ओझरच्या पुढे महामार्गालगत क्रेट भरलेले टेम्पो, शीतगृहं, आणि त्यांच्यामागे बागा. कित्येक बागा छाटून झाल्या होत्या. तारांखाली नुसती खोडं उभी होती. तशी बाग दिसली की मी घड्याळ बघायचो.

पिंपळगावच्या थांब्यावर दत्तूभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. "सर, केवढा उशीर. बाया शेवटच्या चार ओळींवर आल्या."

बागेत पोचलो तेव्हा कडेची ओळ मात्र उभी होती, हिरवीगार. वेली तारा सोडून शेजारच्या लिंबावर चढल्या होत्या. मला फार बरं वाटलं. मग पान हातात घेतलं. शिराजच्या पानाला खोल कातर असते. या पानाला कातर नव्हतीच. पान हृदयाच्या आकाराचं, काठाला बारीक दाते. मी पिशवीतून पुस्तक काढलं.

"पुस्तक कशाला, माझी शेळी पण पान खाऊन सांगेल," दत्तूभाऊ म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "डॉगरिज हाय हे, सर. खुंट. रानटी द्राक्ष, त्याच्या मुळावर आपण कलम बांधतो. खालून फुटवे येतात, ते काढत राहावे लागतात. नाय काढले तर खुंटच वर जातो, कलम उपाशी मरतं."

"मग काढले का नाहीत?"

उत्तर मजुरांच्या मुकादम इंदूबाईंनी दिलं. "बाईंनी सांगितलं व्हतं, माझ्या येलींना माझ्याबिगर कुणी हात लावायचा नाय. त्या गेल्यावर तर कुणाचा हातच धजंना. पाणी तेवढं दिलं."

मला रागावता आलं नाही. तिचा पेला मीही घासून परत होता तिथेच ठेवत आलोय.

आम्ही एकेक वेल खालून पाहत गेलो. कलमाच्या गाठीच्या वर प्रत्येक ठिकाणी वाळकं लाकूड. पाचवी, सहावी, सातवी. नवव्या वेलीपाशी इंदूबाई थांबल्या. गाठीच्या वर बोटाएवढी एक काडी होती आणि तिला तीन पानं. खोल कातरलेली. पुढच्या तिन्ही वेली पुन्हा वाळक्याच निघाल्या.

"हिची काडी घेऊन पावसाळ्यानंतर बाकीच्यांवर बांधू," दत्तूभाऊ म्हणाले. "खुंट भक्कम हायेत. पण हिचे फुटवे आत्ताच काढाय पायजेत."

कात्री मी मागून घेतली. खुंटाचा फुटवा आणि कलमाची काडी एकमेकांत गुंतले होते. मी एकीला कात्री लावली, तेवढ्यात इंदूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ती नाय, बाबा. तीच तर बाई लावून गेल्यात. तिच्या खालची."

खालची कापली. मग आणखी पाच फुटवे. इंदूबाईंनी मनगट सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. आजवर मला वाटायचं, वाण म्हणजे नाव, आणि नाव पाठ झालं की वाण कळलं. सुधाचं शिकणं वेगळं होतं. ते दर महिन्याला खाली वाकून करायचं होतं. आता ते मला करायचं आहे, आणि चूक होईल ही भीती गेलेली नाही.

सध्या शिराजची एक वेल आहे. तिला एक काडी आहे. बाकीचे अकरा खुंट आहेत.