पालथा हात

तो कशालाही आधी पालथा हात लावायचा. वायरीला लावायचा ते ठीक, धंदाच वायरमनचा. पण चहाच्या कपाला, आंब्याला, पाळण्यातल्या पोराच्या कपाळालासुद्धा आधी हाताची मागची बाजू, मग तळवा. आगाशीला एका लग्नाच्या पंगतीत त्याने जिलबीलाही पालथा हात लावला आणि मगच उचलली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं तर म्हणायचा, "करंट लागला की तळवा धरून बसतो, भाऊ. पालथा हात झटकून मागं येतो."

मी त्याची नक्कल करायचो. चार माणसं जमली की हमखास.

तो अर्नाळ्याचा. आमच्या आळीत सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडची वीज येण्यापेक्षा जाण्याबद्दलच प्रसिद्ध होती. मी गोखिवऱ्याच्या एका बंद कारखान्यातून जुना जनरेटर आणला. त्याचा आवाज काय सांगू? अर्नाळ्याला सुकत घातलेले बोंबील दोरी सोडून परत समुद्राकडे निघायचे, आता बोला!

एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवरचा सिनेमा ऐन रंगात आला आणि लाईट गेली. मी तयारीतच होतो. एका वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग बसवून ठेवले होते. एक जनरेटरमध्ये खुपसला, दुसरा भिंतीतल्या सॉकेटमध्ये. घर उजळलं! नुसतं घर नाही, शेजाऱ्यांचे बल्बही तांबडे तांबडे पेटले. मेन स्विच बंद करायचा मी विसरलो होतो, आणि माझी वीज तारेवरून आळीत फिरायला निघाली होती. मला मात्र वाटलं, काय आपलं दान! ओटीवर उभा राहून मी लोकांचे नमस्कार घेऊ लागलो.

तेवढ्यात मिस्त्री चपलांसकट घरात शिरला. त्याने आमचा मेन खाली ओढला, प्लग उपटला आणि माझं मनगट धरून मला नाक्यावर नेलं. तिथल्या खांबावर लाईनमन चढला होता. तारेपासून जेमतेम दोन हात खाली.

"लाईन मेली म्हनून तो चढला, शेठ," मिस्त्री म्हणाला. "तिच्यात जीव कोनी घातला?"

मी तोंडाळ माणूस. त्या संध्याकाळी मात्र घरी येऊन आधी ती दोन प्लगांची वायर कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी तो मला विरारला दुकानात घेऊन गेला. मी म्हटलं, "साधे दोन मेन स्विच बसव. एक बंद करून दुसरा चालू करायचा. ठेवीन मी लक्षात."

"काल ठेवलंत तसं?"

दुकानदाराने एक सुबक, छोटा चेंजओव्हर काढला. खटका इकडे केला की सरकारी वीज, तिकडे केला की जनरेटरची. आमची स्वारी खूश. मिस्त्रीने पालथ्या हाताने तो बाजूला सारला. "मधली जागा हाय काय?"

"मधल्या जागेचं करायचंय काय?" दुकानदार म्हणाला.

"थांबायचंय."

शेवटी माळ्यावरून लोखंडी पेटीचा चेंजओव्हर निघाला. वासराएवढा जड. हँडल वर केलं की सरकारी, खाली केलं की जनरेटर आणि मधे दोन्ही बंद. "एक सुटल्याबिगर दुसरी हाताला लागत नाय," तो म्हणाला. "आता विसरा किती विसरायचं ते. तुमच्या ध्यानावर दुसऱ्याचा जीव टांगायचा नाय."

पुढे आळीत आणखी तीन जनरेटर आले. मधली जागा नसेल तर तो जोडूनच द्यायचा नाही. लाईट गेली की न बोलावता सायकल मारत यायचा. चारही घरांत शिरून हँडल मधे करायचा, पेटीला पालथा हात लावून बघायचा, पुन्हा पहिल्या घरापासून एकदा बघायचा, आणि मग खांबाखाली उभा राहून लाईनमनला म्हणायचा, "चढ." खरं तर हँडल जनरेटरवर असतं तरी लाईनमनला धोका नव्हता, चेंजओव्हर त्यासाठीच तर घेतला होता. पण ऐकतो कोण!

"अहो मिस्त्री, सिनेमाचा शेवट तरी बघू द्या," माझी बायको म्हणायची.

"वैनी, शेवट मी सांगतो. हिरो वाचतो."

एकदा चहा पिताना त्या लाईनमननेच मला सांगितलं. मिस्त्री पूर्वी स्वतः लाईनवर कामाला होता. जोडीदाराने खांबाशी विचारलं होतं, "चढू?" आणि मिस्त्री म्हणाला होता, "चढ." लांब कुठेतरी कोणाचा तरी जनरेटर चालू होता. जोडीदार खाली आला तो आपल्या पायांनी नाही. मिस्त्रीने त्याच महिन्यात नोकरी सोडली.

मी नक्कल करणं सोडलं.

मिस्त्री गेला तो छातीच्या दुखण्याने, एका सकाळी. दुपारी अर्नाळ्याला त्याला पोचवून आम्ही परतलो आणि दिवेलागणीला लाईट गेली. लाईनमन खांबाशी आला, कमरेचा पट्टा आवळला आणि सवयीने, मागे न बघताच म्हणाला, "काका, चढू?"

मागे मी होतो.

"थांब," म्हणालो. चारही घरांत गेलो. चारही हँडलं मधे. पालथा हात लावून बघितला. पुन्हा पहिल्या घरापासून सगळी बघितली. खांबाशी येऊन उभा राहिलो, तर आयुष्यभर बडबडलेल्या माझ्या तोंडून तो एक शब्द निघेना. तसाच मागे फिरलो आणि तिसऱ्यांदा चारही घरं बघून आलो. लाईनमन पट्टा धरून तिथेच उभा होता.

"चढ," मी म्हणालो, आणि तो उतरून जमिनीवर पाय टेकेपर्यंत मान खाली केली नाही.