गुडघ्याचा रकाना

पुरुषोत्तमकाका देवपुजारी यांनी आयुष्यात एकही निर्णय एक्सेलशिवाय घेतला नाही. गाडी कोणती घ्यायची, इथे अमेरिकेत भाड्याचं घर बेलव्ह्यूत बघायचं की पलीकडे रेडमंडला, मंडळाच्या गणपतीला मोदक कुणाकडून मागवायचे, सगळ्याला तक्ता. रकाने, प्रत्येक रकान्याला वजन आणि शेवटी बेरीज. मूळचे नागपूरचे, धरमपेठेतले, पण नागपूरकरांचा ऐसपैसपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये जन्म काढला की माणूस असाच होत असावा. चांगल्या चाललेल्या गोष्टीत काय बिघडू शकतं, तेच त्याला आधी दिसतं. मी पुण्याचा, मला लोकांच्या चुका आधी दिसतात. त्यामुळे आमचं जमलं.

गोल्फ त्यांच्याकडे नोकरीच्या वाटेने आला. त्यांचा पहिला मॅनेजर दर शनिवारी खेळायचा, आणि सोमवारी ऑफिसात सगळे निर्णय आधीच झालेले असायचे. खरी मीटिंग गवतावर होते हे काकांच्या लक्षात आलं. मग त्यांनी सेकंडहँड क्लब्ज, म्हणजे गोल्फच्या काठ्या, घेतले आणि शहराच्या सार्वजनिक मैदानावर जाऊन शिकायला लागले. दोन वर्षांत चेंडू बऱ्यापैकी लागायला लागला, तेवढ्यात मॅनेजरच नोकरी सोडून गेला. गोल्फ राहिला. पुढे त्यांनी आम्हा तिघांनाही ओढलं, मला, अरुणला आणि सत्यजितला. आम्ही तिघंही त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, आणि खेळात तर त्याहून लहान.

काकांचा फटका बुटका. लहानपणी गल्लीत काचा फुटू नयेत म्हणून चेंडू जमिनीलगत मारायची सवय लागली, ती हाडात मुरली. आमच्याकडच्या मैदानांवर उंच झाडं, ओलं गवत. काकांचा चेंडू सरपटत जायचा आणि दहा पावलांवर चिखलात रुतून बसायचा. मग एकदा त्यांनी कुठेतरी लिंक्सबद्दल वाचलं. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची, खुरट्या गवताची पट्टी असते, त्यावरचं हे जुन्या पद्धतीचं गोल्फ. झाड नाही, चिखल नाही, वारा मात्र थांबत नाही. तिथे उंच मारलेला चेंडू वारा उडवून नेतो आणि बुटका चेंडू टणक जमिनीवरून लांबपर्यंत पळत जातो. हे वाचल्यावर काकांचा चेहरा असा झाला, की आपल्यासाठीच कुणीतरी ही जागा करून ठेवली आहे आणि सांगायचं तेवढं राहून गेलं.

बेलव्ह्यूपासून नऊ तासांच्या ड्राइव्हवर, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, अशी जागा आहे. एकाच ठिकाणी पाच कोर्स, म्हणजे पाच वेगळी मैदानं. त्यांची इंग्रजी नावं काकांना एकसारखीच वाटायची, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. थोरला, धाकटा, कड्याचा, गवताचा आणि मधला. एका वीकेंडला जाऊन येऊन जेमतेम दोन खेळून होणार. पाचातले दोन कोणते, या प्रश्नावर काकांनी पाच वर्षं काढली.

पाच वर्षं लागली ती एकट्या तक्त्यामुळे नव्हे. आमचा नियम होता, चौघं तरच जायचं. एका वर्षी अरुणचे सासू-सासरे आले. एका वर्षी सत्यजितला मुलगी झाली. एका वर्षी माझ्या ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज आडवं आलं. काका दर वेळी म्हणायचे, काही हरकत नाही, तेवढ्यात तक्ता सुधारून होईल. तो तक्ता आम्हा चौघांना शेअर केलेला होता, पण उघडून बघत होते एकटे काका. समुद्र किती होल्सवरून दिसतो, वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो, असे त्यात बावीस रकाने होते. बाविसाव्याचं नाव होतं ‘पुरुषोत्तमचा गुडघा’. त्या ठिकाणी मैदानावर फिरायला गाडी मिळत नाही, सगळं चालत खेळावं लागतं, आणि काकांचा डावा गुडघा चढावर कुरकुरायचा. थोरला सगळ्यात नावाजलेला, पण सगळ्यात चढउताराचा. गुडघ्याच्या रकान्यात तो सपशेल आपटायचा.

मी एकदा वैतागून त्यांना म्हणालो होतो, की काका, एवढा काय जीव टाकायचा गवतावर? त्यावर ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं.

“सुशांत, या कंट्रीत मी जे केलं ते सगळं कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. एक गोष्ट मला अशी करायचीये, जी कुठेच फिल करावी लागणार नाही.”

फॉर्मांचं त्यांना सांगायला नको होतं. एकोणीस वर्षं वर्क व्हिसावर, त्यातली तेरा ग्रीन कार्डाच्या रांगेत. मुलगी ज्ञानदा इथेच शिकली, पण एकवीस वर्षांची झाली तशी नियमाप्रमाणे आईबापांच्या कागदांतून बाहेर पडली आणि टोरांटोला गेली. रांगेची तारीख दर महिन्याला जाहीर होते. ती पुढे सरकली की काका सांगायचे, मागे गेली की विषय बदलायचे.

गेल्या वर्षी अखेर चौघांचं जमलं. यंदाच्या सप्टेंबरातला तिसरा वीकेंड, दोन रात्री, बुकिंग माझ्या नावावर. कोर्स कोणते ते नंतर कळवलं तरी चालणार होतं. वीस ऑगस्टपर्यंत कॅन्सल करायची मुभा होती, आणि आपल्या लोकांना ती मुभा असल्याशिवाय बुकिंग केल्यासारखंच वाटत नाही.

सहा ऑगस्टला काकांची नोकरी गेली. सकाळी नऊला पंधरा मिनिटांचा कॉल, सव्वानऊला लॅपटॉप बंद. या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. काका छप्पन वर्षांचे. टेस्टिंगची कामं आता मशीनंच करायला लागली आहेत. आम्ही सगळ्यांनी आपापल्या कंपन्यांत रेफरल्स दिले, आणि काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यानंतर आम्ही तिघांनी जे केलं ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगतो. चौघांचा ग्रुप एकदम मुका झाला. दोन दिवसांनी अरुणने तिघांचा वेगळा ग्रुप काढला, काकांना वगळून. त्यात त्याने विचारलं, काकांवर अशी वेळ आलेली असताना ट्रिपचं बोलणं बरं दिसेल का. सत्यजितने लिहिलं, यार, पण विचारायचं कसं. मी लिहिलं, विचारूच नये, ते बिचारे नाही म्हणायलाही संकोचतील. आमची समजूत अशी, की आपण त्यांना जपतोय. वीस तारखेला दुपारी मी ऑफिसातून दोन बटणं दाबली आणि ग्रुपवर टाकलं, ‘कॅन्सल केलं’. दोघांचे अंगठे आले. काकांना सांगायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी काका घरी आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर. मला वाटलं रेझ्युमे दाखवायला आणलाय. बायकोने, नेत्राने, चहा टाकला. काकांनी फोल्डरमधून कागद काढून ओट्यावर पसरला. तो तक्ता होता.

“डिसिजन झाला,” ते म्हणाले.

पंधरा दिवस रोज सकाळी नोकऱ्यांचे अर्ज पाठवून झाले की ते हे घेऊन बसत होते. एकेक कोर्स ते मला समजावून सांगायला लागले. शनिवारी कड्याचा, कारण तिथे समुद्र डाव्या हाताला सतत सोबत राहतो. रविवारी सकाळी धाकटा, कारण तो सपाट आहे, आदल्या दिवशी थकलेला गुडघा तेवढं चालेल, आणि दुपारी परतीला निघता येईल. थोरल्याचा मोह त्यांनी सोडला होता. तो सोडताना त्यांना काय वाटलं तेही सांगितलं, म्हणजे पूर्वी कधी सांगितलं नव्हतं इतकं. जिथे आपला फटका चुकीचा ठरत नाही अशा जमिनीवर दोन दिवस उभं राहायचं, मग नागपूर तर नागपूर, असं ते म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही. भित्र्या माणसासारखा सगळं ऐकत राहिलो. नेत्रा कप धुवायला म्हणून पाठ करून उभी राहिली, पण नळ काही तिने सोडला नाही.

शेवटी मी सांगितलं. बुकिंग राहिलं नाही, मीच रद्द केलं.

त्यांनी विचारलं, कधी. मी म्हटलं, वीस तारखेला. त्यांनी कागदावरच्या थोरल्याच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, की वीसलाच त्यांनी थोरल्यावर काट मारली होती.

मी माफी मागितली. तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून विचारलं नाही, असं काहीतरी पुटपुटलो. काकांनी कागदाची नीट घडी घातली.

“विचारलं असतंस तर मी नकोच म्हणालो असतो,” ते म्हणाले. “मग तू आग्रह केला असतास. मग मी आलो असतो.”

एवढं साधं होतं. आपल्याकडे ताटात पोळी वाढतानासुद्धा पहिल्या ‘नको’ला कुणी नको समजत नाही. जन्मभर पाळलेली ही रीत आम्ही तिघं नेमकी त्या वेळी विसरलो आणि स्वतःला समजूतदार म्हणवून घेतलं. मला त्या क्षणी त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते चहा संपवून, नेत्राला चहा छान झाला म्हणून सांगून निघून गेले.

सोमवारपासून मी रोज त्या ठिकाणी फोन करत होतो. तिथली बाई अतिशय गोड आवाजात सांगायची, की ऑक्टोबरअखेरपर्यंत सगळं फुल आहे आणि आमचं नाव वेटिंगवर आहे. आजूबाजूला कुठे राहायचं आणि नुसता खेळ मिळेल का बघायचं, तेही करून पाहिलं. दहा सप्टेंबरला एक जागा निघाली, एकाच माणसासाठी, धाकट्या कोर्सवर. मी काकांना कळवलं. ते म्हणाले, नऊ तास जायचं, चांगला फटका लागला तर सांगायला शेजारी माणूस नको का? खरं तर सुमित्राकाकूंनी घरातलं सामान काढायला घेतलं होतं आणि त्यांना ते एकट्यांवर टाकवत नव्हतं.

तिसरा वीकेंड आला तसा मी त्यांच्या घरी गेलो. दारातच काकूंनी सांगितलं, की तो तक्ता होता तोवर हे सकाळी वेळेवर उठत होते. आत काका पुस्तकांची खोकी टेपने बंद करत होते. बाहेर सुंदर ऊन होतं. मी म्हटलं, समुद्र नाही तर नाही, टकोमाजवळ खाडीच्या काठी लिंक्ससारखा एक कोर्स आहे, आत्ता निघू, दुपारपर्यंत दोन जागा मिळतील. तक्त्यात तो कोर्सही होता, सगळ्यात खाली. काका नको म्हणाले. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांनी टेप खाली ठेवला.

“आता आग्रह नको, सुशांत.”

मग मी खोकी उचलायला लागलो. दिवसभर आम्ही दोघं खोकी उचलत होतो.

तीन ऑक्टोबरला ते गेले. एअरपोर्टवर आम्ही तिघंही होतो. गोल्फची बॅग न्यायला वजन बसत नव्हतं, ती माझ्या गॅरेजमध्ये ठेवली. काका म्हणाले, वापरत जा, नाहीतर ग्रिप्स कडक होतात. मी हो म्हटलं. अजून हात लावलेला नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी जुन्या फाइल्स काढून टाकायला बसलो, तेव्हा तो तक्ता उघडला. वरच्या कोपऱ्यात काकांचं नाव दिसलं. नागपुरात सोमवारची सकाळ होती, आणि ते त्या क्षणी तक्त्यात होते. त्यांच्या नावाची हिरवी चौकट एका घरातून दुसऱ्या घरात सरकत होती. मी बघत राहिलो.

आधी खेळणाऱ्यांच्या यादीतून एक नाव गेलं. मग बाविसावा रकाना, गुडघ्याचा, अख्खा पुसला गेला. तो गेल्याबरोबर बेरजा बदलल्या आणि थोरला सगळ्यात वर आला. चौकट त्याच्यावर थांबली, त्याला पिवळा रंग दिला गेला आणि शेजारी अक्षरं उमटली, ‘तुम्हा तिघांसाठी हा. पुढच्या वर्षीचं बुकिंग एक तारखेला उघडतंय.’

मी ‘काका’ एवढं लिहीपर्यंत हिरवी चौकट गेली होती. एक तारीख कालच होऊन गेली. चौघांच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलेलं नाही. तिघांच्या ग्रुपवर शेवटचा निरोप अजून माझाच आहे, ‘कॅन्सल केलं’, आणि त्याखाली दोन अंगठे.