पोट सुटलेला ब

आमचा दादा म्हणजे एकमार्गी माणूस. चाळीस वर्षं एकाच खोलीत पोस्टरं छापली. वीतभर उंचीचे लाकडी खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं. जाडजूड, पण अंग चोरून उभी, त्यामुळे एका ओळीत भरपूर मावायची. आणि रस्त्यापलीकडून बिनचष्म्याच्या म्हाताऱ्यालाही वाचता यायची.

एकदा त्यातला एक ब चिरला. काम अंगावर, नवा खिळा मिळेना. वहिनीनं दुपारभर बसून, आरशात बघत बघत, लाकडात उलटा ब कोरला. बोटांना फोड आले. तो दादापुढे धरून म्हणाली, "अहो, चांगला झालाय ना?"

दादानं छापून पाहिला. बाकीची मंडळी सडपातळ, ह्याचं आपलं पोट सुटलेलं. "जागा खातो," म्हणाला. झालं, एवढंच! पुढं पंचवीस वर्षं उरलेल्या दोन ब वर भागवलं. तिसरा लागला की मजकूर बदलायचा, पण तिचा ब काही घ्यायचा नाही. वहिनी सगळं बघायची.

तिला जाऊन पाच वर्षं झाली. छापखानाही त्याच सुमारास थंडावला. तरी दादा रोज कुलूप काढतो, खिळे पुसतो, जागच्या जागी ठेवतो आणि एकट्याचं ताट वाढून घेतो. माझ्याकडे राहायला ये म्हटलं, की "काम आहे". कसलं डोंबलाचं काम!

मग एक मुलगी आली, जुनी अक्षरं कॉम्प्युटरवर उतरवणारी. तिला प्रत्येक अक्षराचा एकेक ठसा हवा होता. ठसे घ्यायच्या आदल्या संध्याकाळी दादा माझ्या दारात. हातात कागदात गुंडाळलेले दोन चांगले ब. "ठेव तुझ्याकडे. विचारू नकोस." मी कशाला विचारतेय? मला डोळे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिथंच होते. ठसे घेताघेता मुलगी थबकली. "काका, हा फुगीर आहे. दुसरा नाही?"

"नाही." जन्मात खोटं न बोललेला माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"मग मी त्याला जरा बारीक करते."

"हात लावायचा नाही!" दादाचा आवाज चढला. "नाहीतर सगळे खिळे ठेव आणि नीघ."

पोरगी बिचारी "बरं काका" म्हणाली. आणि शब्दाला जागली.

परवा चौकातल्या बुटांच्या दुकानावर नवी पाटी लागली. त्या मुलीनं उतरवलेली दादाचीच अक्षरं, पुरुषभर उंच, आणि पहिलाच ब ढेरी पुढं काढून उभा. मी भाजी घेऊन येत होते, तर समोर दादा. दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी हाक मारणार, इतक्यात पाटीकडे बघत, घरात बोलावं तसं तो म्हणाला, "चांगला झालाय गं."

तीस वर्षांनी उत्तर सुचलं शहाण्याला. आणि ऐकायला कोण, तर मी.