विळी आडवी करून उठायचं

आमच्या घरी विळी उभी ठेवून कुणी उठत नसे. बायकोचा नियम. बेल वाजो की दूध उतू जावो, आधी पातं आडवं, मग पाय उचलायचा. "पात्याला दिसत नाही कोण आलंय," म्हणायची. "बसलेल्या माणसाला दिसतं."

ती जाऊन अजून वर्ष व्हायचंय. सण धरायचा नव्हता, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची राहू नयेत असं वाटलं. मी मानपाड्याला कारखान्यात फिटर होतो. माझे पाने, पक्कड आणि तिची विळी पाटावर मांडली. ठाण्याहून मुलगा आलेला. त्याने शेजारी आपला लॅपटॉप ठेवला.

"बाबा, ह्यालाही कुंकू लावा. नवीन काम मिळालंय."

काम कसलं, तर लढाईतल्या ड्रोनचं. ते उडणार, माणूस शोधणार आणि मारायचा की नाही तेही आपलं आपण ठरवणार.

"आणि बटण दाबायला कोण?"

"कोणी नाही. तीच तर गंमत आहे." तो खुशीत होता. "शत्रूने सिग्नल तोडला की इथे बसलेल्याला काही दिसत नाही. मग मशीनच ठरवणार."

"सिग्नल तुटला तर परत यायला शिकवा की त्याला."

"परत येणारं विकत कोण घेईल, बाबा? आपण नाही बनवलं तर समोरचा बनवणारच. मग आपलीच पोरं मरतील."

हे मला खोडता आलं नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. साधूही नाही, कुणी अंगावर आला तर मारावं लागतं. पण मारणाऱ्याची झोप तरी उडायला पाहिजे. मशीनचं काय, चार्जिंगला लावलं की झालं. उद्या लाकडं वेचणारी एखादी बाई मेली, तर तिच्या नवऱ्याने कुणाच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या? माझी गेली तेव्हा मी डॉक्टरवर ओरडलेलो. त्याची काही चूक नव्हती. पण तो पळाला नाही. समोर उभा राहून ऐकून घेतलं त्याने.

"मी नाही लावणार," म्हणालो.

"तुम्हाला मोबाइलचा अलार्म लावता येत नाही आणि मला युद्ध शिकवताय! आई असती तर लावलं असतं."

लागलं मला. खोटं नव्हतं ते. लेकाला ती कधी नाही म्हणाली नाही. तिच्यामागे मला हा एकच. हाही रुसला तर ह्या ठाकुर्लीच्या खोलीत बोलायचं कुणाशी, भिंतींशी? कुंकवात बुडवलेलं बोट तसंच वर धरून बसलो.

"लावलं असतं," म्हणालो. "पण आधी विचारलं असतं, उठताना हे आडवं कसं करायचं?"

त्याने लॅपटॉप पाटावरून उचलून बॅगेत टाकला. जेवून जा म्हणालो, तर चप्पल घालता घालता "भूक नाही" म्हणाला.

वाईट वाटलं. अजून वाटतं. पण लावलं असतं तर त्याहून वाईट वाटलं असतं.

बोटावरचं कुंकू वाळत आलेलं. ते विळीला लावलं. ती आडवीच होती.