मेश्रामबाईंची सुई

रक्त गोळा करण्याची नोकरी केली की किस्सेही गोळा होतात. बाटल्या तपासून धुऊन टाकता येतात, किस्से तसेच पडून राहतात. माझ्याकडचे बहुतेक मेश्रामबाईंचे आहेत, याचा मला अजून राग येतो.

साल सत्तरच्या आसपासचं. नागपुरात डेंग्यू किती पसरतो ते मोजायचं होतं. त्यासाठी एकाच माणसाचं रक्त पावसाळ्याआधी घ्यायचं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा. दुसऱ्या वेळी लोक दार उघडेनात. मी आणि कुसुम मेश्रामबाई, दोघंही टेंपररी. साहेब म्हणाले, "दुसऱ्या बाटल्या जो जास्त आणील, त्याचं नाव पर्मनंटसाठी पाठवतो."

*

मी दारात उभा राहून डासांवर व्याख्यान द्यायचो. बाई नुसतं म्हणायच्या, "पाणी देता का वं माय?" आणि आत जाऊन बसायच्या. अर्ध्या तासात घरभर बाह्या वर! एक दिवस मीही पाणी मागत फिरलो. दुपारपर्यंत नऊ पेले पाणी आणि दोन बाटल्या रक्त. पुढचा वेळ आडोसा शोधण्यात गेला.

*

महाल भागातला एक पहिलवान सुई बघूनच माझ्या अंगावर कोसळला. शुद्धीवर आल्यावर मलाच विचारतो, "काहून गा, बाई सुट्टीवर हायत का?"

*

सीताबर्डीच्या एका शेठाणीने बाईंना साफ नकार दिला. मी लॅबमध्ये जिलेबी वाटली; कुणी विचारलं तर माझा वाढदिवस म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेठाणी रिक्षा करून हजर. "काल घरी पाहुणे होते. बाई कुठं हायत?" रक्त घेऊन झाल्यावर बाईंनी उरलेली जिलेबी तिलाच दिली. "आमच्या दिगांबरभाऊंचा वाढदिवस होता."

*

तपासणीला राजहंसाच्या रक्तपेशी लागत, म्हणून लॅबमागे दोन राजहंस पाळलेले. मला बघितलं की मान लांब करून धावत यायचे. बाईंपुढे रक्त द्यायला पंख पसरून बसायचे. मी साहेबांकडे तक्रार केली, "बाई त्यांना दाणे चारतात, हे नियमात बसतं का?" साहेब म्हणाले, "तुम्हीही चारा." चारले. त्यांनी दाणे खाल्ले आणि मग माझं बोट धरलं.

*

शेवटच्या दिवशी आमची गिनती बरोबरीत आली. यादीत एकच नाव उरलं होतं, माझ्या आईचं. ते मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. घरचंच माणूस, जातं कुठं?

सायकल दामटत घरी गेलो, सिरिंज उकळली. आईने हात पदराखाली घेतला.

"त्या बाईले येऊ दे."

"काहून?"

"मागं तू रक्त काढलं तवा आठ दिवस हात निळा होता माह्या. तुले बोलली नाही. बाई टोचते ते समजतही नाही म्हणते सारा मोहल्ला."

मी नोकरीचं सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. हात पदराखालीच.

"अवं मा, मी पोरगा हाय ना तुह्या."

"म्हणून तर तोंडावर सांगून राहिली," आई म्हणाली.