शेवटची चढाई

आमच्या कंपनीच्या कबड्डी संघाचा इतिहास स्मरणिकेत मीच लिहिला. काल समारंभात सदानंद ती चाळत होता. अंतिम सामन्याच्या पानावर त्याचं बोट ओळीओळीवरून सरकलं, थांबलं, पुन्हा वर गेलं.

शेवटच्या चढाईत तीन गडी मारून त्यानेच तो सामना जिंकून दिला होता. राखीव खेळाडूंच्या बाकावरून मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणं जमतं. नाव लिहिताना हात अडतो. मी लिहिलं, ‘संघाने विजय खेचून आणला.’ वीस वर्षांचा हेवा तेवढ्या वाक्यात मावला.

“काही राहिलं का रे?” मी विचारलं.

“तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार,” म्हणत त्याने पान उलटलं.

असा विश्वास मला कधी कुणावर टाकता आला नाही. आता त्याचाही हेवा वाटतो.